व्यायामाची चिठ्ठी कोण लिहिणार?

नोव्हेंबर २०२४ मध्ये नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्रकारांना बोलावून सांगितले, की त्यांच्या पत्नीने चौथ्या टप्प्यातल्या स्तनाच्या कर्करोगावर मात केली आहे. श्रेय त्यांनी मुख्यतः आहाराला दिले: लिंबूपाणी, कच्ची हळद, कडुनिंबाची पाने, तुळस; साखर आणि दूध बंद; संध्याकाळी लवकर जेवून दुसऱ्या दिवशी उशिरापर्यंत पोटात काही नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या आजी-माजी २६२ डॉक्टरांनी लगोलग निवेदन काढले, की या पदार्थांनी कर्करोग बरा होतो याला पुरावा नाही आणि कोणीही त्यापायी उपचार लांबवू नयेत. सिद्धूंच्या पत्नीवर शस्त्रक्रिया झाली होती, केमोथेरपी झाली होती. आहार हा उपचारांच्या जोडीचा होता, असा खुलासा पुढे खुद्द सिद्धूंनीही केला. मूळ व्हिडिओ मात्र अजून नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतो. खुलासा फिरताना मी पाहिलेला नाही.

तेव्हापासून हा वाद आपल्याकडे दोन वाक्यांत अडकून पडला आहे. एक बाजू म्हणते, सवयी बदला, कर्करोग पळून जाईल. दुसरी म्हणते, केमो घ्या, बाकी सगळे थोतांड. पहिली बाजू जीवघेणी ठरू शकते, याबद्दल मला शंका नाही. पण दुसऱ्या बाजूचे वाक्यही आता पुराव्याला धरून राहिलेले नाही, आणि ते म्हणणारी माणसे विज्ञानाच्या बाजूची असल्यामुळे त्याचे मला जास्त वाईट वाटते. माझे म्हणणे असे आहे: निदानानंतरच्या काही मोजक्या सवयींनी आयुष्य खरोखर वाढते, आणि त्यातल्या एकीला तरी नव्या औषधाकडून मागतो तितक्याच कसोटीचा पुरावा मिळालेला आहे. म्हणूनच त्या रुग्णाच्या मनोनिग्रहावर सोडून मोकळे होता येणार नाही. त्या रुग्णालयाने उपचार म्हणून दिल्या पाहिजेत, माणूस नेमून, मोजमाप ठेवून, सरकारी योजनेच्या पैशांतून.

पुरावा कोणता, ते आधी पाहू. जून २०२५ मध्ये शिकागोत भरलेल्या कर्करोगतज्ज्ञांच्या वार्षिक परिषदेत 'चॅलेंज' नावाच्या चाचणीचे निष्कर्ष मांडले गेले. मुख्यतः कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातल्या ५५ केंद्रांवर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे ८८९ रुग्ण तिच्यात घेतले होते. सगळ्यांची शस्त्रक्रिया झालेली, त्यानंतरची केमोही पूर्ण झालेली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला तीन वर्षांचा आखीव व्यायामक्रम मिळाला. व्यायामही काही अचाट नव्हता. आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण ते एक तास झपझप चालले तरी उद्दिष्ट गाठता येई. पाच वर्षांनी रोग न उलटता जिवंत असलेल्यांचे प्रमाण व्यायामाच्या गटात ८०.३ टक्के होते, दुसऱ्या गटात ७३.९. आठ वर्षांनी जिवंत असलेले अनुक्रमे ९०.३ आणि ८३.२ टक्के. म्हणजे साधारण चौदा जणांना हा क्रम दिला, तर आठ वर्षांत एक मृत्यू टळला. एखाद्या कंपनीच्या गोळीने हे आकडे दाखवले असते, तर ती आज प्रत्येक मोठ्या रुग्णालयाच्या औषधालयात दिसली असती.

या चाचणीतली माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट बातम्यांत जवळपास आलीच नाही. दुसऱ्या गटाला काय मिळाले होते? त्यालाही सल्ला मिळाला होता. व्यायाम करा, नीट खा, असे सांगणारी पुस्तिका त्या प्रत्येकाच्या हातात दिलेली होती. आपल्याकडे डिस्चार्जच्या कागदावर शेवटी जी ओळ असते, तिच्यापेक्षा ती नक्कीच सविस्तर होती. म्हणजे तुलना 'व्यायाम करा' असे सांगितलेले आणि न सांगितलेले यांच्यात नव्हतीच. ज्यांना फक्त सांगितले आणि ज्यांच्यासोबत कोणी तीन वर्षे टिकून राहिले, त्यांच्यातली ती तुलना होती. पहिले सहा महिने दर पंधरवड्याला मार्गदर्शकाची भेट, समोर उभे राहून करून घेतलेला व्यायाम, मग हळूहळू अंतर वाढवत शेवटची दोन वर्षे महिन्यातून एकदा भेट. तोच देश, तोच रोग, तेच उपचार, चांगले राहण्याची इच्छाही तीच. फरक पडला तो पाठपुरावा करणाऱ्या माणसामुळे. 'इच्छा असेल तर सगळे होते' असे रुग्णाला सांगणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

आता सवयींच्या बाजूने जे जे सांगितले जाते ते सगळे खरे आहे का? मुळीच नाही, आणि हे मान्य केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. निदानानंतर हिंडते-फिरते राहणारे रुग्ण जास्त जगतात, हे अनेक निरीक्षणांत कित्येक वर्षांपासून दिसत होते. पण ज्याची तब्येत मुळात बरी तोच फिरू शकतो. आतून रोग वाढत असलेला माणूस फिरणे आधीच सोडतो. मग चालण्यामुळे तो जगला, की जगणार होता म्हणून चालू शकला? या प्रश्नाचे उत्तर चिठ्ठ्या टाकून गट पाडल्याशिवाय मिळत नाही, आणि असे गट पाडले तेव्हा पुष्कळ लाडक्या कल्पना गळून पडल्या. अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगातून बाहेर पडलेल्या ३,०८८ स्त्रियांच्या चाचणीत एका गटाला भरपूर भाज्या, फळे, तंतुमय पदार्थ आणि कमी स्निग्ध असा आहार देण्यात आला. २००७ मध्ये निकाल आला: रोग उलटण्याचे प्रमाण एका गटात १६.७ टक्के, दुसऱ्यात १६.९. पुरुषांमधल्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगात भाज्या वाढवून पाहिल्या, तिथेही रोगाची वाढ मंदावली नाही. मन खंबीर ठेवल्याने आयुष्य वाढते, ही तर आपल्या घराघरातली श्रद्धा. १९८९ मध्ये एका छोट्या अभ्यासात गटात बसून मन मोकळे करणाऱ्या स्त्रिया जवळपास दुप्पट काळ जगल्याचे दिसले आणि जगभर आशा पल्लवित झाली. २००१ मध्ये मोठ्या चाचणीत पुन्हा पाहिले तेव्हा त्या स्त्रियांचे मन हलके झाले होते, वेदना कमी जाणवत होत्या, आयुष्य मात्र वाढले नव्हते. मन हलके होणे ही लहान गोष्ट नाही. पण 'सकारात्मक राहिली असती तर वाचली असती' असे बोलायचा अधिकार त्यातून कोणालाही मिळत नाही.

साखरेचेही तसेच. कर्करोगाच्या पेशी साखर अधाशासारखी वापरतात, हे ऑटो वारबुर्ग यांनी १९२०च्या दशकात दाखवले आणि शरीरात रोग कुठे आहे ते दाखवणारा आजचा पेट स्कॅन त्याच गुणधर्मावर चालतो. त्यावरून 'साखर बंद केली की गाठ उपाशी मरते' इथवर उडी मारली जाते. साखर खाल्ली नाही तरी यकृत ती तयार करते, आपल्या मेंदूला आणि रक्तपेशींना ती लागतेच. गाठ उपाशी राहण्याच्या कितीतरी आधी माणूस खंगतो. लठ्ठपणा आणि मधुमेह असलेल्या रुग्णाने गोडधोड आवरणे वेगळे. तोंडाच्या रेडिएशनने ज्याला घोट गिळता येत नाही, त्याच्या पेजेतली साखर आणि दूध काढून घेणे वेगळे. आपल्याकडे तोंडाचे, घशाचे, अन्ननलिकेचे रुग्ण भरपूर आहेत, आणि केमोच्या मधोमध वजन घटल्यामुळे डोस पुढे ढकलावा लागणे ही तिथली रोजची अडचण आहे. अशा घरात व्हिडिओ पाहून एकेक पदार्थ बंद करत नेणारे नातलग प्रेमापोटीच तसे करत असतात. त्या प्रेमाला योग्य माहिती पुरवणारा आहारतज्ज्ञ त्यांना वेळेवर भेटत नाही, हे खरे दुखणे.

इथेच सवयींच्या बाजूचा सर्वांत बळकट युक्तिवाद समोर येतो आणि त्याला उडवून लावणे मला मान्य नाही. निदान झाले की माणसाच्या हातातले सगळे निघून जाते. तारखा रुग्णालयाच्या, औषधे डॉक्टरांची, पैसे भावाचे किंवा सावकाराचे. त्याच्या स्वतःच्या हातात काय उरते? ताटातले अन्न. 'मी काय खाऊ?' असे तो ओपीडीत विचारतो आणि दोनशे रुग्ण बाहेर ताटकळत असलेला डॉक्टर म्हणतो, 'सगळे खा.' उत्तर चूक नाही, पण त्याने त्याच्या प्रश्नाची भूक भागत नाही. मग जो कोणी पंधरा मिनिटे बसून ऐकेल, नाव-गाव विचारेल आणि कागदावर वेळापत्रक लिहून देईल, तो त्याला जवळचा वाटतो. उपचारांच्या जोडीला हळद-तुळस घेतली तर बिघडते कुठे, असे विचारणाऱ्याला माझे उत्तर आहे: स्वयंपाकातल्या प्रमाणात फारसे बिघडत नाही, आणि काय काय घेतो ते डॉक्टरांना सांगितले तर आणखीच बरे. बिघडते ते जोडीचे 'ऐवजी' होते तेव्हा. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये नोंदी तपासल्या, तेव्हा बरे होण्याजोगा कर्करोग असूनही केवळ पर्यायी उपचार घेणाऱ्यांचा मृत्यूचा धोका अडीच पट आढळला. स्तनाच्या कर्करोगात तर साडेपाच पटींहून जास्त. ज्या रोगात लवकर शस्त्रक्रिया हाच सगळ्यांत मोठा आधार, तिथे सर्वाधिक नुकसान. अशा रुग्णांना दोष देण्याआधी त्यांना पंधरा मिनिटे कोणी दिली होती का, हे विचारायला हवे.

इतिहासात हा प्रश्न आपण एकदा सोडवलेला आहे. क्षयावर औषधे नव्हती तेव्हा उपचार म्हणजे जीवनशैलीच होती: मोकळी हवा, विश्रांती, दूध-अंडी. त्यासाठी डोंगरावर, गावाबाहेर आरोग्यधामे उभी राहिली; मिरजेजवळच्या वानलेसवाडीचे नाव जुन्या पिढीला आठवत असेल. औषधे आली, आणि १९५६ ते १९५९ या काळात मद्रासमध्ये एक विलक्षण चाचणी झाली. गरीब वस्तीतल्या १९३ रुग्णांपैकी निम्म्यांना आरोग्यधामात ठेवले, निम्म्यांना तीच औषधे घरी दिली. आरोग्यधामातल्यांना सकस जेवण आणि आराम; घरी असलेल्यांना दाटीवाटीची खोली, अपुरे अन्न आणि कष्ट. तरीही बरे होण्याच्या प्रमाणात फारसा फरक निघाला नाही. जगभरातली आरोग्यधामे त्यानंतर हळूहळू बंद होत गेली. मूळ उपचार नियमित मिळत असेल तर तोच निर्णायक, हा त्या चाचणीचा धडा आजच्या लिंबूपाण्यालाही लागू पडतो.

पण गोष्ट तिथे संपत नाही. साठेक वर्षांनी झारखंडमध्ये 'राशन्स' नावाची चाचणी झाली. क्षयरोग्यांच्या घरच्या दहा हजारांवर माणसांचे गट पाडून एका गटाला महिन्याचे सकस धान्य दिले. २०२३ मध्ये निष्कर्ष आले: त्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले. औषधांवर असलेल्या रुग्णांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्के वाढले, तर मृत्यूचा धोका बराच कमी असल्याचेही दिसले. मग मद्रास खरे की झारखंड? दोन्ही. अन्न औषधाची जागा घेत नाही, पण जिथे अन्नच तोकडे आहे तिथे ते मिळाल्याने जीव वाचतात. आणि झारखंडमध्येही कोणी 'सकस खा' असा फलक लावून थांबले नव्हते. धान्याच्या पिशव्या घरी नेऊन दिल्या होत्या.

महाराष्ट्रासाठी मात्र सवयीचा विषय निघाला की पहिले नाव तंबाखूचे घ्यावे लागते. हळद-तुळशीच्या गदारोळात ते मागे पडते, याचा मला राग येतो. शरद पवारांना २००४ मध्ये तोंडाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रियेनंतर त्यांनी गुटखा-सुपारीच्या सवयीबद्दल जाहीर सभांतून स्वतःचे उदाहरण देऊन सांगितले आहे. आर. आर. पाटील २०१५ मध्ये याच रोगाने गेले. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी २०१६-१७च्या पाहणीत इथल्या दर चार प्रौढांमागे एकाहून जास्त जण कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते. 'आता झालाच आहे कर्करोग, सोडून काय उपयोग?' असे रुग्ण म्हणतो आणि घरचे गप्प बसतात. उपयोग आहे. रशियात फुप्फुसाचा कर्करोग झालेल्या ५१७ धूम्रपान करणाऱ्यांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले गेले. निदानानंतर सिगारेट सोडलेल्यांचा जगण्याचा मध्यक काळ, म्हणजे ज्याहून निम्मे रुग्ण जास्त जगले तो, ६.६ वर्षे होता, न सोडलेल्यांचा ४.८. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास चिठ्ठ्या टाकून केलेला नाही, तेव्हा मघाची शंका इथेही लागू होते. पण तंबाखू सुटल्याने जखम भरते, रेडिएशनचा परिणाम सुधारतो, दुसरा कर्करोग टळण्याची शक्यता वाढते, हे इतक्या वाटांनी दिसले आहे की चाचणीची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. वीस-तीस वर्षांची तलफ मात्र 'सोडा' म्हटल्याने सुटत नाही. तिला निकोटिनचे च्युइंगम लागते, औषध लागते, दर आठवड्याला फोन करणारा समुपदेशक लागतो. म्हणजे पुन्हा तोच मुद्दा: माणूस.

डॉक्टरांमधल्या माझ्या मित्रांचा एक आक्षेप मला सगळ्यांत जड वाटतो. ते म्हणतात, सवयींची भाषा सुरू झाली की शेवटी बोट रुग्णाकडेच वळते. कर्करोग झाला म्हणजे तुझे काहीतरी चुकले होते; परत उलटला म्हणजे तू नीट चालला नाहीस. भीती रास्त आहे. मनोहर पर्रीकर साधे राहण्याबद्दल आणि अखंड कामाबद्दल ओळखले जात. स्वादुपिंडाच्या कर्करोगाने २०१९ च्या मार्चमध्ये ते गेले, देशात-परदेशात उपचार घेऊनही. स्वादुपिंडातला रोग आणि लवकर सापडलेला स्तनातला रोग यांच्यात जो फरक आहे, तो कुठल्याही सवयीने भरून निघण्यासारखा नाही. रोग कुठे झाला आणि कितव्या टप्प्यात सापडला, यावरच बहुतेक सगळे ठरते. पण दोषारोपाची भीती वाटते म्हणून सिद्ध झालेला उपचार दडवून ठेवायचा का? रक्तदाबाची गोळी लिहून देताना आपण रुग्णाच्या चारित्र्याची चर्चा करत नाही. व्यायामही चिठ्ठीवर आला, त्याला मात्रा आली, देणारा आला आणि न दिल्याबद्दल जाब विचारता येऊ लागला, तर दोषाची दिशा आपोआप बदलते. मग प्रश्न 'तू का केले नाहीस' असा राहत नाही, 'तुला का मिळाले नाही' असा होतो.

दुसरा आक्षेप पैशांचा. ज्या राज्यात जिल्ह्याच्या ठिकाणी रेडिएशनचे यंत्र मिळायची मारामार, तिथे व्यायाम शिकवणारे कुठून आणायचे? प्राधान्याचा हा क्रम मला मान्य आहे: आधी वेळेवर निदान, मग शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन. मद्रासने तेच सांगितले. पण इम्युनोथेरपीच्या, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध कामाला लावणाऱ्या उपचाराच्या, काही औषधांच्या एकेका मात्रेला लाखांत खर्च येतो आणि त्यावर आपण गंभीरपणे चर्चा करतो; फिजिओथेरपिस्टचा पगार मात्र चैन वाटतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत शस्त्रक्रियेचे पॅकेज आहे, केमोचे आहे, रेडिएशनचे आहे. उपचार संपल्यावर रुग्णासोबत तीन वर्षे राहणाऱ्या माणसाचे पॅकेज मी कुठल्याही योजनेत पाहिलेले नाही.

आणि 'चॅलेंज'चे निष्कर्ष जसेच्या तसे उचलून आणता येणार नाहीत, हेही खरेच. तिथले रुग्ण आपल्या रुग्णांसारखे नाहीत. आपल्याकडे तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयमुखाचा कर्करोग जास्त. आपली रुग्ण म्हणजे कदाचित धाराशिव जिल्ह्यातली शेतमजूर बाई: रक्तात लोह कमी, दिवसभर कंबर वाकवून खुरपणी. तिला 'फिरायला जात जा' असे सांगणे हा तिचा अपमान आहे. तिला हवे आहे ते वेगळे: शस्त्रक्रिया झालेल्या बाजूचा हात पुन्हा वर जाईल असे व्यायाम, प्रथिने, आणि 'आता तू काही उचलू नकोस' या घरच्यांच्या धास्तीतून सुटका. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर वजन उचलू नये, हात सुजतो, असे डॉक्टरही वर्षानुवर्षे सांगत. २००९ मध्ये चाचणी झाली तेव्हा देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवत गेलेल्या स्त्रियांचा त्रास उलट कमी झालेला दिसला. 'देखरेखीखाली' हा शब्द त्यात महत्त्वाचा, कारण हाडांत रोग उतरलेल्या किंवा हिमोग्लोबिन फार घटलेल्या रुग्णाला चुकीचा व्यायाम इजा करू शकतो. 'चॅलेंज'मध्येही स्नायू-सांध्यांच्या तक्रारी व्यायामाच्या गटात जास्त होत्या.

तेव्हा आपल्या चाचण्या आपण करायला हव्यात, आणि आपल्याला ते जमत नाही असे कोणी म्हणू नये. त्याच जिल्ह्यात, तो उस्मानाबाद असताना, बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाने टाटा मेमोरियल आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या साथीने १,३१,७४६ स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची चाचणी केली. आयुष्यात एकदा एचपीव्हीची, म्हणजे हा रोग घडवणाऱ्या विषाणूची, तपासणी केली तर त्या रोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे २००९ मध्ये जगाला कळले ते या खेड्यांतून. टाटा मेमोरियलने स्तनाच्या कर्करोगात योगासनांचीही रीतसर गट पाडून चाचणी घेतली आहे. आपल्या परंपरेतली गोष्ट आधुनिक डॉक्टरांना नकोशी असते, हा आरोप करणाऱ्यांनी हे जरूर पाहावे.

सुरुवात लहानच असू द्यावी. राज्यातली जी सरकारी आणि धर्मादाय रुग्णालये कर्करोगाचे उपचार देतात, त्यातल्या पाच-सहा ठिकाणी तीन वर्षांसाठी प्रत्येकी एक फिजिओथेरपिस्ट, एक आहारतज्ज्ञ आणि एक तंबाखू-समुपदेशक नेमावा. गावातल्या आशाताईंना पाठपुराव्याचे काम द्यावे, आणि त्या कामाचे वेगळे मानधनही. कोणाला हा क्रम मिळाला, कोणी मध्येच सोडला आणि का सोडला, कोण किती जगले, याच्या नोंदी पहिल्या दिवसापासून ठेवाव्यात आणि निकाल विरुद्ध आला तरी जाहीर कराव्यात. आणि निदानानंतरच्या पहिल्याच भेटीत, केमोच्या तारखांचा कागद हातात पडतो तेव्हा, पुढची तीन वर्षे आपल्याला फोन करणाऱ्या माणसाचे नाव आणि नंबर त्यावर लिहिलेला रुग्णाला मिळावा.